सनडाउनर आणि गाऱ्हाणं

सन दोन हजार तेवीस. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं. एप्रिल संपत आला होता आणि लालबागच्या आमच्या गल्लीत मसाल्याचे दिवस चालू होते. या दिवसांत आमच्याकडची हवा लाल असते असं मी सांगतो तेव्हा बाहेरचे लोक हसतात. त्यांनी येऊन बघावं. दुकानादुकानात डंखांवर, म्हणजे यंत्राच्या मुसळांवर, मिरची कुटतात, तिची पूड उन्हात तरंगत राहते आणि दुपारी चाळीच्या गॅलरीत बसलं की समोरची इमारत, विजेच्या तारा, तारांवरचे कावळे, सगळं एका पातळ लाल पडद्यामागे गेल्यासारखं दिसतं. नवीन माणूस शिंकून शिंकून हैराण होतो. मला त्यात झोप लागते. जाग असते आणि नसते, असं काहीतरी.

अशाच एका दुपारी नात माझ्या शेजारी येऊन बसली. मुलगा-सून ठाण्याला राहतात, पण ही पोर कॉलेजपासून आमच्याकडेच. तिचं कॉलेज इथून जवळ होतं, मग नोकरीही जवळची मिळाली. आमच्या खोलीत आम्ही तिघं: मी, आमची ही, आणि ही पोर. तिचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यात. मुलगा माटुंग्याचा. मद्रासकडची माणसं, पण पिढ्यान् पिढ्या इथलीच. मुलगा मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो.

“आबा,” ती म्हणाली, “लग्नाच्या आधी आम्ही एक सनडाउनर ठेवतोय.”

“काय ठेवताय?”

“सनडाउनर. सूर्य मावळताना असते ती पार्टी.”

“म्हणजे दारू.”

“म्हणजे गप्पा, खाणं, म्युझिक.”

“आणि दारू.”

“आणि दारू,” ती म्हणाली. खोटं बोलत नाही. माझ्यावर गेलीय.

माझी शाळा गावी तिसरीत सुटली. इंग्रजीचं पुस्तक मी कधी हातात धरलेलं नाही. तरी माझ्याजवळ इंग्रजी आहे, आणि ते बहुतेक सगळं दारूचं आहे. सांगायला मला लाज वाटत नाही. मुंबईत आलो तेव्हा पहिला इंग्रजी शब्द शिकलो तो ‘कंट्री’. नाक्यावरचं देशी दारूचं दुकान, लाकडी बाकं, मिठाची बशी, उकडलेले चणे, ते कंट्री. मग क्वार्टर आली, मग नाइन्टी. परमिट रूम आली. ड्राय डे हा शब्द तर लहान पोरांनासुद्धा पाठ होता, कारण त्या दिवशी बाप लवकर घरी यायचा. चिअर्स सगळ्यात शेवटी कळला. आमच्यात ग्लासाला ग्लास लावायची रीत नव्हती. बोट बुडवायचं, दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे, मग तोंडाला लावायचं. मी पीत होतो का? पीत होतो. शिमग्याला, गटारीला, कधी मिलचा पगार झाला की. पुढे साखर निघाली तेव्हा सोडली. डॉक्टर म्हणाला म्हणून सोडली असं घरात सांगतात, ते खोटं आहे. माझ्या मनात आलं म्हणून सोडली.

“आबा, तुमच्या वेळी प्यायलेल्या माणसाला काय म्हणायचे?” नातीनं विचारलं.

“टाइट. ते इंग्रजीच आहे ना?”

“आहे. पण आता कोण म्हणतं?”

“मग आता काय म्हणतात?”

ती बोटं पुढे करून सांगायला लागली. “थोडी घेतली तर टिप्सी. मग बझ्ड. मग हाय, मग लोडेड. मग हॅमर्ड, स्मॅश्ड, प्लास्टर्ड. आणि सगळ्यात शेवटी वेस्टेड.”

“थांब. एकेक सांग. हॅमर्ड म्हणजे?”

“हातोड्यानं ठोकलेला.”

“आणि ते प्लास्टर?”

“गिलावा केलेला, आबा. भिंतीला करतात तसा.”

मी डोळे मिटले. मला समोर दिसायला लागलं. हातोडा आमच्या मिलमधल्या फिटरचा. गिलावा दर वर्षी पावसाआधी गवंडी करायचे तो. लोडेड म्हणजे गाठी भरून गेटातून बाहेर पडणारी लॉरी. आणि वेस्ट तर मला न सांगताच माहीत होतं. साच्याखाली तुटका धागा पडतो, तो वेस्ट; गोळा करून आम्ही त्यालाच हात पुसायचो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. मी साचेवाला होतो, सगळं आयुष्य.

“ही इंग्रज माणसं प्यायली की कामावर जातात की काय ग?” मी म्हटलं. “सगळे शब्द कारखान्यातले.”

ती इतकी हसली की खालच्या डंखवाल्यानं मान वर करून बघितलं.

“आणि आपले शब्द?”

“आपल्याकडे चढते आणि उतरते. जिन्यासारखी. माणूस डुलतो, झिंगतो, तरंगतो, त्याचं विमान होतं. आपला बेवडा कायम वर, आभाळात.”

“हे तुम्ही तिथे बोला ना, आबा!” ती एकदम म्हणाली. “आमच्या सनडाउनरला. टोस्ट असतो. घरातलं मोठं माणूस उभं राहतं, नवरानवरीसाठी चार चांगले शब्द बोलतं, मग सगळे ग्लास उंच करतात. त्याच्याकडून त्याचे आजोबा बोलणार आहेत.”

“तुझा बाप बोलेल.”

“बाबा? बाबा आईशी तरी बोलतात का?”

हे खरं होतं. मुलगा माझा सोन्यासारखा आहे, पण चार माणसांत त्याची वाचा बसते. मी विचार करायला लागलो. वर्षभर चांगलं शर्ट-पँट पडून आहे. बोलायला मी कुणाला भीत नाही.

“कुठे आहे ही पार्टी?”

तिनं हातातला फोन पालथा ठेवला. मग तिनं जागेचं नाव न घेता नुसता हात केला. गॅलरीच्या टोकाला, दोन इमारतींच्या फटीतून एक चिमणी दिसते. त्या दिशेला.

माझी मिल.

हे मला लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिल बंद पडली तेव्हा शेवटच्या दिवशी आमचं सगळं विणकाम खातं गेटावर उभं होतं. आत जाऊन आपापलं सामान आणायला सांगत होते. डबा, वहाणा, एखादा फोटो. मी गेलो नाही. गेटावरचा वॉचमन माझ्या ओळखीचा, तो म्हणाला, “या हो, पाणी तरी पिऊन जा.” मी सगळ्यांदेखत सांगितलं, “या आवारात पुन्हा माझा पाय पडला तर बापाचं नाव लावणार नाही.” तेव्हापासून मी तो रस्तासुद्धा सोडला. परळला जायचं तर लांबून वळसा घालून जातो. आवारात काचेच्या इमारती झाल्या, हॉटेलं झाली, चाळीतली पोरं तिथे नोकरीला लागली. मी वळसा घालतच राहिलो. चाळीत सगळ्यांना हे माहीत आहे. नातीला तर दूधपित्या वयापासून.

“माहीत असून तिथे ठेवलीस?” मी विचारलं.

“त्याच्या ऑफिसनं ती जागा दिली, आबा. आणि...”

“आणि काय?”

“मला वाटलं, माझ्यासाठी याल.”

मी उठून आत गेलो. आमची ही चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकऱ्या थापत होती. ती मालवणीच बोलते, मुंबईत पन्नासाच्या वर वर्षं काढून. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, “गेट गेला, मालक गेलो, साचे भंगारात गेले. ह्येंची शपथ तेवढी अजून मिलच्या पाळयेर हजर हा.”

“तू गप रव.”

“रवतंय गप. चेडवाच्या लग्नात आजाची खुर्ची रिकामी रवात, ती पण गपच रवात.”

पुढचे काही दिवस घरात तिघं बोलत होतो पण मोजकं. “चहा झाला का”, “पाणी आलं का”, एवढंच. नात रागावली नव्हती, तेच वाईट होतं. ऑफिसातून येताना माझ्यासाठी पेपर आणायची, चष्मा पुसून द्यायची. एकदा नातजावई, म्हणजे होणारा, घरी आला. तो म्हणाला, “आजोबा, नवीन एन्ट्रन्स दुसऱ्या बाजूनं आहे. जुनं गेट भिंत घालून बंद केलंय. म्हणजे तुमची शपथ टेक्निकली मोडत नाही.”

पोरगा चांगला आहे, पण मी त्याला सांगितलं, “मी आवार म्हटलं होतं. मी पळवाट काढणारा माणूस नाही.”

तो म्हणाला, “सॉरी, आजोबा.” आणि आमच्या हिनं केलेली आंबोळी निमूट खाल्ली.

मग एका दुपारी मला झोप लागली. ती झोपच होती असं मी सांगू शकत नाही. मिरचीची हवा होती, पंखा वरच्या वर फिरत होता, आणि मी खात्यात होतो. दसरा होता. दसऱ्याला साचे बंद असायचे. ज्याला साच्यांचा आवाज माहीत आहे त्यालाच त्या दिवसाची शांतता कळेल. पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. साच्यासाच्याला झेंडूच्या माळा, करवतीसारख्या छपराच्या काचांमधून तिरपं ऊन, उन्हात कापसाचे तंतू तरंगत असलेले. आम्ही कोकणातली माणसं कोपऱ्यातल्या लोखंडी खांबापाशी जमायचो. मालकाची पूजा पुढे, भटजी लावून. ही आमची मागे. कारण गावाला जसा राखणदार देव असतो तसा खात्यालाही असतो, असं आम्ही धरून चालायचो. त्याला नारळ, आणि त्याला दारू. राखणदाराला दारूच लागते, त्याला पंचामृत चालत नाही. म्हाताऱ्या साचेवाल्यानं हात जोडून गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मागणं, घालायचं, सगळ्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि मग बाटलीतली थोडी खांबाच्या बुंध्याशी ओतायची. पुढे पुढे ते गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. माझा आवाज मोठा होता आणि साच्यांमुळे आणखी मोठा झाला होता.

झोपेत मी खांबापाशी एकटाच होतो. माळा सुकलेल्या. कोणी आलं नव्हतं. खांब काही बोलला नाही, खांब कशाला बोलेल. पण मला जाग आली तेव्हा एक गोष्ट डोक्यात स्वच्छ बसली होती. आम्ही सगळे गेटाबाहेर आलो. तो आतच राहिला. माझी शपथ माझी होती, तिच्यात त्याला मी कशाला ओढला? इतकी वर्षं दसरे गेले, त्याला कोणी थेंबभर दिली नसेल.

मी हिला हाक मारली. “माझा शर्ट काढ.”

“खयचो?”

“चांगलो.”

तिनं विचारलं नाही कशाला. पेटीतून शर्ट काढून वाळत घातला, डांबरगोळीचा वास जावा म्हणून. संध्याकाळी नात आली, तिनं दोरीवर शर्ट पाहिला आणि आल्या पावली माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, “चल, चल. केस लागतात.”

सनडाउनर शनिवारी होता. ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. मी, ही, ठाण्याहून आलेले मुलगा-सून. टॅक्सी नको म्हटलं, चालत जाऊ. वळसा न घालता सरळ. आवाराच्या नव्या कमानीपाशी मी थांबलो. वहाणा काढाव्यात असं वाटलं, पण लादी इतकी चकचकीत की घसरलो असतो. तिथे मी मनात काही बोललो नाही. जे बोलायचं ते मोठ्यानं बोलायचं असं ठरवून आलो होतो. पाय आत टाकला. काही झालं नाही. सुरक्षेवाल्यानं यंत्र अंगावरून फिरवलं, ते माझ्या चाव्यांना बघून पीं पीं करायला लागलं.

आत गेलो आणि मला चक्कर आल्यासारखं झालं. भिंती नव्या, दिवे नवे, झाडं कुंडीतली. पण छप्पर तेच. करवतीसारखं, काचांचं. मावळतीचं ऊन त्याच काचांमधून त्याच तिरप्या रेघांनी खाली येत होतं, आणि लोखंडी खांब तसेच ओळीनं उभे, काळा रंग देऊन. मी ओळी बघत चालत गेलो. कुठे काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पायांना माहीत होतं. माझे साचे होते तिथे दारूचा लांब ओटा होता आणि ओट्यामागे रंगीत बाटल्या, उन्हात पेटलेल्या. हिरवी, मधासारखी, रक्तासारखी. एक मुलगी उंच खुर्चीवर बसून पाय हलवत होती. कोपऱ्यात तो खांब होता. त्याला टेकून कुणीतरी वाद्याचं खोकं ठेवलं होतं.

नातीची मित्रमंडळी भरपूर. सगळे माझ्या पाया पडत होते, एका हातात ग्लास धरून. “आबा, तुमचे शब्द सांगितले हिनं आम्हाला,” एक जण म्हणाला. “मी सध्या टिप्सी आहे, आबा. प्लास्टरला वेळ आहे.”

“गवंडी चांगला बघ,” मी म्हटलं. सगळे ओरडले.

ऊन काचांवरून सरकत होतं. वाद्य हळू वाजत होतं. माझ्या हातात कुणीतरी कोकमाचं सरबत दिलं होतं, बर्फ घातलेलं. मी ते घेऊन नुसता उभा होतो आणि मला कळत नव्हतं मी कुठल्या वर्षात आहे. माणसांचा गलका लांबून साच्यांसारखा ऐकू येत होता. न पिता चढते असं म्हणतात ते हेच असेल.

मग नवऱ्या मुलाचे आजोबा उठले. माझ्याच वयाचे, पांढरी लुंगी, पांढरा सदरा. इंग्रजीत बोलले, हळू आणि गोड. मला थोडंच कळलं, पण नात डोळे पुसत होती म्हणजे चांगलं असणार. त्यांनी ग्लास उंच केला, सगळे ‘चिअर्स’ म्हणाले, टाळ्या झाल्या. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी नातीला जवळ बोलावलं. “हे सरबत आहे. मला खरी पाहिजे.”

“आबा, तुमची शुगर!”

“माझ्यासाठी नाही ग. त्याला सरबत चालत नाही.”

तिला कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं स्वतःचा ग्लास माझ्या हातात दिला. मी कोपऱ्यातल्या खांबापाशी गेलो. वाद्याचं खोकं जरा बाजूला घ्यायला सांगितलं. डोक्यावर रुमाल टाकला आणि गिरणीतला आवाज लावला.

“बा राखणदारा म्हाराजा!”

वाद्य थांबलं. कुणाला काय करायचं ते माहीत नव्हतं. मागून एकटी आमची ही म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

“आज ह्या जाग्यार, जयसर एकदा साचे चलत होते, थयसर तुझी लेकरां जमली हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता मुलगा पण म्हणाला. चार माणसांत वाचा बसणारा माझा मुलगा. लहानपणी गावी ऐकलेलं त्याच्या तोंडून आपसूक आलं.

“तेतूर कोण कोकणातलो, कोण मद्रासचो, कोण खयचो. तू भेद करू नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता पोरांनी पकडलं. आणि इथे एक घोटाळा झाला. नातीनं त्यांना आधी सांगून ठेवलं होतं की आबांचं झालं की ग्लास उंच करून घोट घ्यायचा. पोरांना वाटलं दर ‘व्हय म्हाराजा’ला एक घोट. मला याची कल्पना नाही. मी डोळे मिटलेले. आणि गाऱ्हाणं थोडक्यात घालायची मला सवय नाही. मी वडीलधाऱ्यांचं घेतलं, तरण्यांचं घेतलं, येणाऱ्यांचं, जाणाऱ्यांचं, न आलेल्यांचं घेतलं. वाकड्या नजरेनं बघणाऱ्यांची नजर सरळ कर म्हटलं, पोटात एक नि ओठात एक असणाऱ्यांना चांगली बुद्धी दे म्हटलं. दर वेळी आवाज वाढत होता. मला वाटलं, काय भक्ती आहे पोरांची! एक डोळा उघडून बघितलं तर सगळ्यांचे ग्लास वर जातायत आणि रिकामे होतायत, आणि मघाचा तो टिप्सी दुसऱ्या खांबाला मिठी मारून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतोय. नवऱ्या मुलाचे आजोबासुद्धा प्रत्येक वेळी जरा जरा घेत होते, न चुकता.

“ह्या माझ्या नातीचो नि त्येंच्या नातवाचो संसार साच्यावरच्या ताग्यासारखो, धागो न तुटता, लांबच्या लांब जाऊं दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” छपराच्या काचा हलल्या असतील.

मग जे बोलायला आलो होतो ते राहिलं होतं. डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

“आणि मी तुझो साचेवालो. मी गेटार उभो रवान बोललंय की हयसर पाय घालूचंय नाय. तो सबूद आज मीच मोडलंय. लपान-छपान नाय, तुझ्यासमोर मोडलंय. इतकी वर्सां तुका एकटो ठेवलंय. माका पदरात घे म्हाराजा!”

यावर कोणी काही म्हटलं नाही. पोरांना मालवणी कळली नसेल, पण आवाज कळला असणार. ऊन शेवटच्या काचेवर होतं. मग नातीचा आवाज आला, एकटीचा, मोठा, अगदी माझ्या आवाजाच्या वळणाचा.

“व्हय म्हाराजा!”

मी ग्लास तिरका केला आणि खांबाच्या बुंध्याशी ओतला. थेंबभर नाही, सगळा.

पुढे काय व्हायचं ते झालं. कोपऱ्यातून एक वेटर धावत आला, त्याला वाटलं म्हाताऱ्याच्या हातून सांडली. तो फडकं घेऊन वाकला तर जावई म्हणाला, “राहू दे, पुसू नका.” वेटर बिचारा गोंधळला. पुसायचं नाही तर माणसं घसरणार. तो आत गेला आणि घसरू नका असं लिहिलेली ती पिवळी, दोन पायांची पाटी घेऊन आला. ती त्यानं बरोबर खांबासमोर मांडली. मग संध्याकाळभर सगळे तिला वळसा घालून जात होते. नाचणारे, खाणारे, ग्लास भरायला जाणारे, सगळे. इतकी माणसं राखणदाराला एवढी अदब दाखवताना मी गावीही बघितली नव्हती.

निघताना नवऱ्या मुलाच्या आजोबांनी माझा हात धरला. ते मराठीत म्हणाले, “तुमचा टोस्ट फार लांब होता हो.” डोळे चमकत होते. “मला आता काय म्हणतात इंग्रजीत?”

“टाइट,” मी म्हटलं. “जुना शब्द आहे. आपल्या वयाला शोभतो.”

आम्ही सरळ रस्त्यानं घरी आलो. नात मागाहून आली. अंथरुणावर पडलो तरी काचांमधलं ऊन डोळ्यांसमोरून जात नव्हतं. आमची ही अंधारात म्हणाली, “गाऱ्हाणा बरा घातल्यात.”

“मग!”

“पण नारळ खय होतो? नारळाशिवाय गाऱ्हाणा पोचता खय?”

तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, खालच्या दुकानातून शेंडी असलेला नारळ घेतला आणि सरळ रस्त्यानं मिलवर गेलो. कमानीपाशी सुरक्षेवाला होता. उत्तरेकडचा पोरगा, जांभया देत होता. “कहाँ जाना है, चाचा? अभी सब बंद है।” मी म्हटलं, “मेरे खाते में.” त्याला काय कळलं कोण जाणे, पण हातातला नारळ बघून त्यानं आत सोडलं. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, एक बाई लादी पुसत होती. कोपऱ्यात पिवळी पाटी तशीच उभी. तेवढी जागा तिनं पुसायची सोडली होती. मी नारळ आधी खांबाला दाखवला. मग पायरीवर येऊन फोडला, आत लादी फुटली असती. एक तुकडा खांबाशी ठेवला, एक त्या बाईला दिला, एक सुरक्षेवाल्याला. उरलेला घरी आणला. नात डोक्याला ओढणी बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“याला काय म्हणतात तुमच्यात?” मी विचारलं.

“हँगओव्हर, आबा,” ती भिंतीशीच बोलली. “हळू बोला.”

मी आडाळा, म्हणजे खवणीची विळी, पुढे ओढला, त्याच्यावर बसलो, आणि तिच्या सोलकढीसाठी नारळ खवायला घेतला. जमेल तेवढा हळू.